आयनारची सिमेंटची तोंडं

आयनार बुंडगार्डने आयुष्यभर सिंह केले. सिमेंटचे. आमच्या टांगबी गावापासून पार खाडीच्या टोकापर्यंत ज्या ज्या फाटकावर दोन सिंह बसलेले दिसतील, ते आयनारचे असं डोळे मिटून समजावं. या सिंहांची तोंडं जरा मेंढीच्या वळणावर गेलेली असत, कारण आयनारने सिंह कधी पाहिला नव्हता आणि मेंढ्या मात्र रोज पाहिल्या होत्या. गिऱ्हाइकांनीही सिंह पाहिलेला नसल्यामुळे तक्रार कधी आली नाही. बायको गेल्यावर त्याने धंदा आटोपता घेतला, साचे शेडमध्ये रचून ठेवले, आणि उरलेले सिंह अंगणात गवत खात असल्यासारखे इकडेतिकडे पडून राहिले.

आता आमच्या लिम्फ्योर्ड खाडीकाठच्या माणसांचं एक आहे. मनातलं बोलण्याचं काम आम्ही झेंड्यावर सोपवलेलं. कुणाचा वाढदिवस असला की अंगणातल्या खांबावर झेंडा वर, कुणी गेलं की अर्ध्यावर. मधलं जे काही असेल ते ज्याने त्याने कॉफीबरोबर गिळावं. "कसं काय?" विचारलं की "तसं काही वाईट नाही" म्हणायचं. घरात पहिलं पोर आलं तरी तसं काही वाईट नाही, आणि गोठा जळाला तरी याहून वाईट झालं असतं. आयनार तर यातही चार पावलं पुढे. मुलीच्या लग्नात तो जावयासमोर उभा राहिला, घसा खाकरला, "बरं" म्हणाला आणि बसला. लोक अजून म्हणतात, आयनार त्या दिवशी भलताच मोकळा झाला होता.

साथीपायी देश बंद झाला त्या आठवड्यात अशा माणसाच्या हातात मुलीने, लोनेने, फोन दिला. म्हणजे हातात नाहीच. लोने ओडेन्स शहरातून गाडी हाणत आली, फोनचा डबा पायरीवर ठेवला आणि अंगणात मागे सरकून, दोन सिंहांच्या मधे उभी राहून ओरडायला लागली.

"बाबा, यात गावाचा ग्रुप आहे! सगळे आहेत! बोलत जा जरा लोकांशी!"

"काय बोलू?" खिडकीतून आयनार.

"काहीही! नाहीच सुचलं तर इमोजी टाक!"

"कुठे टाकू?"

लोनेने डोक्याला हात लावला. पण शिकवलं बिचारीने, खिडकीच्या काचेवर बोट आपटून आपटून.

ग्रुप उघडल्यावर आयनार चाटच पडला. ही टांगबीची माणसं? प्रेबेन, पलीकडच्या शेतावरचा, ज्याने स्वतःच्या आईच्या दफनाला आलेल्या लोकांशी बार्लीच्या पिकाबद्दल गप्पा मारल्या होत्या, तो इथे कुणाच्या तरी सूर्यास्ताच्या फोटोखाली लाल बदामांची रांग लावून बसला होता. कुणी गुलाब पाठवतंय, कुणी मिठ्या मारतंय, कुणी ढसाढसा रडतंय. रस्त्यावर कुत्रं नाही, आणि फोनमध्ये नुसता उमाळ्यांचा पूर. आयनारला वाटलं, आपणही मागे राहू नये. अडचण एवढीच होती की ती पिवळी तोंडं त्याला दिसत नव्हती. चष्मा लावला तरी वाटाणे, काढला तर मोहरी.

त्याच्या शेजारी बोडिल राहायची. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, खणखणीत आवाजाची बाई. एके काळी अख्ख्या शाळेला एका डावाने गप्प करायची. दोन घरांच्या मधे बीच नावाच्या झुडपांचं कुंपण, आणि रोज सकाळी त्या कुंपणावरून दोघांची कॉफी. बंदी आल्यावर दोघांनी आपापला थर्मास आणायला सुरुवात केली. कुंपण काही सरकारने सांगितलं तेवढं रुंद नव्हतं, पण दोघांनी माना मागे घेतल्या की भागायचं. खाली झुडपांत बोडिलचा बॅरन पडलेला असायचा. आखूड पायांचा, सॉसेजसारखा लांब म्हातारा कुत्रा. डोकं आयनारकडे, शेपूट बोडिलकडे, आणि मधला पुष्कळसा भाग कुंपणात.

एप्रिलमध्ये बॅरन गेला. म्हातारपणानेच गेला, झोपेत. बोडिलने ग्रुपवर त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आज माझा बॅरन गेला."

आयनारने फोटो पाहिला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून तो चक्क रडला. मग नाक शिंकरून त्याने फोन डोळ्यांशी नेला आणि सगळ्यांत मोठे अश्रू असलेलं तोंड शोधून काढलं. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना टपोरे निळे थेंब. एक टाकलं. मग त्याला वाटलं, बॅरनसारख्या कुत्र्याला एकच? बॅरनच्या लांबीला शोभेल अशी त्याने पूर्ण ओळ टाकली.

दुसऱ्या दिवशी बोडिल कॉफीला आली नाही. दुःखात असेल, आयनार मनात म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिने ग्रुपवर केकचा फोटो टाकला, बॅरनच्या आठवणीत केलेला, रूबार्बच्या आंबट देठांचा केक. चला, सावरली. आयनारने कौतुक म्हणून गाल फुगवून खाणारं तोंड शोधलं आणि टाकलं. त्या दुपारी बोडिलने त्याच्याकडची खिडकी धाडकन लावून घेतली.

संध्याकाळी लोनेचा फोन.

"बाबा! बॅरन मेला आणि तू हसलास?"

"हसलो? मी? मी रडलो!"

"अरे, ते हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड आहे!"

"पाणी आलंय ना पण?"

"आणि केकवर ओकारी आलेलं टाकलंस!"

"ते तोंड भरून खातंय."

"बाबा, ते हिरवं आहे!"

"रूबार्ब पण हिरवाच असतो."

लोनेने रूबार्बचा विषय सोडून दिला. मग म्हणाली, "जा आणि माफी माग तिची."

"कशी?"

"जाऊन सांग, चुकलं म्हणून."

"तोंडाने?" आयनारने घाबरून विचारलं.

गेला मात्र. बोडिल दोरीवर चादरी वाळत घालत होती. आयनार कुंपणाशी जाऊन उभा राहिला, टोपी काढली, सगळं वाक्य मनात जुळवलं, तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "वारा आहे."

"आहे," बोडिल म्हणाली, आणि टोपली उचलून आत गेली.

एरवी आमच्याकडे याला भरपेट गप्पा म्हणतात. पण आयनार हात हलवत परतला आणि शेडमध्ये जाऊन एका बुटक्या स्टुलावर बसून राहिला. बोलणं आपल्याला जमत नाही, फोन आपल्याला दिसत नाही. मग आपल्याला येतं काय? समोर सिमेंटची पोती होती. कोपऱ्यात खाडीतून वाहून आलेले मासेमारीचे जुने बोये होते, नारिंगी, गोल गरगरीत. आयनारने करवत घेतली आणि एक बोया मधोमध कापला. आतून बघतो तर तोंडाचा तयार साचा.

भिंगातून फोनमध्ये बघायचं, बघितलेलं खडूने शेडच्या जमिनीवर बैलगाडीच्या चाकाएवढं काढायचं आणि मग साच्यात ओतायचं, असा उद्योग सुरू झाला. पहिलं केलं ते पाणावलेलं तोंड, जे त्याने बॅरनसाठी पाठवलं होतं. सुकल्यावर साच्यातून काढून भिंतीला टेकवलं, मागे सरकून पाहिलं, आणि आयनारची कानशिलं तापली. तोंड सिंहासारखं, म्हणजे मेंढीसारखं, पण खिदळत होतं यात शंकाच नव्हती.

"गाढवा," तो स्वतःला म्हणाला.

मग त्याला चटकच लागली. रागावलेलं केलं, डोळ्यांच्या जागी लाल बदाम असलेलं केलं, मिठी मारायला हात पुढे केलेलं केलं. ते इतके दिवस त्याला 'लांब उभं राहा' असं सांगतंय असंच वाटत होतं. एकदा हसरं करायला गेला आणि थापी फिरवताना ओठांची टोकं खचली. तेव्हा तोंडात नुसती एक सरळ रेघ असलेलं एक तयार झालं. हसत नाही, रडत नाही. ते त्याने बाजूला ठेवून दिलं.

सगळ्यांत शेवटी बोडिलसाठी. बंदरात नांगरलेल्या बोटींचा जो थोरला बोया असतो, त्याचा साचा करून त्याने एक प्रचंड रडकं तोंड ओतलं. ओठ खाली वळलेले, मिटलेल्या पापण्या, आणि डोळ्यांखाली नळ्या घालून त्यांना पक्ष्यांच्या कारंज्याचा जुना पंप जोडलेला. खरे अश्रू. हे कुंपणापाशी बोडिलच्या खिडकीसमोर उभं केलं की एक शब्द बोलायची गरज नाही, असा त्याचा हिशेब.

ते उचलायला प्रेबेनचा ट्रॅक्टर आला. आयनारने तोंडाच्या पाठीवर खडूने मोठा बाण काढला होता, वरची बाजू कळावी म्हणून. प्रेबेनला वाटलं, बाण म्हणजे जमिनीत रोवायची दिशा. आयनार आत पंपाची वायर लावत होता तेवढ्यात प्रेबेनने मन लावून, बाणाच्या हुकमाप्रमाणे, तोंड कुंपणाशी नेऊन मऊ वाफ्यात रोवलं. उलटं.

रडकं तोंड उलटं केलं की काय होतं ते कुणीही करून पाहावं. कानापासून कानापर्यंत हसतं. आणि आयनारने पंप चालू केला तेव्हा जे अश्रू गालांवरून ओघळायचे, ते दोन पिचकाऱ्यांसारखे आकाशात गेले, कुंपण ओलांडून बोडिलच्या सुकत आलेल्या चादरींवर पडले. करायला गेला गणपती, झालं माकड.

बोडिल बाहेर आली. तिचा तो शाळेचा आवाज खूप दिवसांनी गावाने ऐकला.

"आयनार! एवढ्यावर भागलं नाही का तुझं?"

"ते रडतंय!" आयनार धावत येत ओरडला.

"रडतंय? मला दात दाखवतंय आणि वर थुंकतंय!"

"तसं काही वाईट दिसत नाही," ट्रॅक्टरवरून प्रेबेन.

"तू गप रे!" दोघंही एकदम म्हणाले. बरेच दिवसांत दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

पंप बंद झाला, पण तोंड काही निघेना. ते वाफ्यात हनुवटीपर्यंत, म्हणजे कपाळापर्यंत, रुतलं होतं; आणि काढायला गेलेला ट्रॅक्टर त्याच्या शेजारी रुतला. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी निघाला. तोंड तिथेच राहिलं, बोडिलच्या स्वयंपाकघरात बघून हसत. बोडिलने खिडकीला आतून टेबलक्लॉथ लावला.

प्रेबेनने अर्थातच फोटो ग्रुपवर टाकला. त्या दिवसांत फिरायला जाण्याखेरीज कुणाला काही काम नव्हतं, त्यामुळे सगळं गाव आयनारच्या घरावरून फिरायला जायला लागलं. लाज वाटून आयनारने उरलेली तोंडंही गल्लीच्या कडेने मांडली. निदान लोकांना कळावं की आपल्याला सुलटीही करता येतात. मग किराणा दुकानवाल्या ग्रेथेला कल्पना सुचली. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना भेटायला कुणाला सोडत नव्हते. तर रविवारी सगळ्यांनी यावं, ज्याला जसं वाटतंय त्या तोंडाशी उभं राहावं, आणि सगळ्यांचा एक फोटो काढून तिकडच्या खिडकीत लावावा.

ग्रुपवर नुसती धमाल उडाली. मी मिठीवाल्यापाशी! मी रडणार, आधीच सांगते! प्रेबेनने लिहिलं, "मी बदामी डोळ्यांपाशी," आणि पुढे बदामच बदाम.

रविवारी गाव आलं. स्वच्छ जाकिटं, विंचरलेले केस. आयनार पायरीवर उभा राहून बघत होता. पहिले आले ते मिठीवाल्या तोंडाशी जरासे घुटमळले, हात खिशात घातले, आणि सरळ रेघवाल्या तोंडापाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे दुसरे. त्यांच्या मागे, नियमाप्रमाणे अंतर सोडून, तिसरे. बघता बघता सरळ तोंडापुढची रांग गल्ली ओलांडून बंदराच्या वळणापर्यंत गेली, आणि बाकीची तोंडं लग्नात कुणी न विचारलेल्या पाहुण्यांसारखी ओस पडली. रडणार म्हणून आधीच सांगणारी बाई रांगेत हवामानाबद्दल बोलत होती.

"काय रे प्रेबेन," ग्रेथेने हटकलं, "तू तर बदामांपाशी उभा राहणार होतास ना?"

"होतो," प्रेबेन म्हणाला. "पण तिथे ऊन लागतं."

"असं काय करता, अरे! म्हाताऱ्यांना काय वाटेल? अख्खं गाव एका तोंडापाशी!"

"त्यांना बरं वाटेल," रांगेतून कुणी तरी म्हणालं. "काही बदललं नाही म्हणतील."

तेवढ्यात बोडिलचं दार उघडलं. ती एप्रनमध्येच होती. रांगेकडे तिने पाहिलंही नाही. तरातरा चालत ती त्या थोरल्या उलट्या तोंडासमोर येऊन उभी राहिली. कंबरेवर हात. आयनारने पायरीचा कठडा घट्ट धरला. त्याला वाटलं, आता ही आत जाऊन हातोडा आणणार.

"आयनार," ती न वळता म्हणाली, "हे रडतंय म्हणालास ना?"

"हो."

"कुठून?"

आयनारने विचार केला. "खालून," तो म्हणाला.

बोडिलने क्षणभर त्या तोंडाकडे पाहिलं. मग ती वळली, तोंडाकडे पाठ केली, पाय फाकले, एप्रन गोळा केला, आणि सगळ्या गावादेखत कमरेत वाकून स्वतःच्या दोन पायांमधून मागे पाहिलं.

बोडिलचं डोकं खाली, चेहरा लाल होत चाललेला, पांढरे केस गवतात लोंबताहेत. आणि त्या अवस्थेत तिला दिसलं. ओठ खाली वळलेले, पापण्या मिटलेल्या, गालांवर नळ्या. मेंढीसारखं नाक. एक भलंमोठं, बावळट, दुःखाने पार खचलेलं तोंड.

"अगं बाई," ती खालूनच म्हणाली. "हे तर खरंच रडतंय."

आणि ती हसायला लागली. वाकलेल्या अवस्थेत हसल्यामुळे तोल गेला, ती गवतात बसली, आणि बसल्या बसल्या हसता हसता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "माझा बॅरन," ती म्हणायची आणि हसायची, हसायची आणि एप्रनने डोळे पुसायची. आयनार धावत आला आणि कुंपणाअलीकडे थबकला. बाई हसतेय की रडतेय हे त्याला काही केल्या कळेना, आणि आता तर समोर माणसाएवढं माणूस होतं, चष्म्याची तक्रार करायचीही सोय नव्हती.

"बॅरन चांगला कुत्रा होता," तो म्हणाला. मग, गाडी सुरू झालीच आहे म्हणून, "मला त्याची आठवण येते. तुझीही येते. कॉफी एकट्याने बेचव लागते. मी ते हसणारं चुकून टाकलं, मला दिसत नाही."

रांगेतल्या लोकांनी नजरा खाली घातल्या. एवढं उघडंवाघडं बोलणं टांगबीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

"माहीत आहे रे," बोडिल नाक पुसत म्हणाली. "लोनेने कधीच फोन करून सांगितलं मला. पण म्हटलं, बघू तरी किती दिवसांनी तोंड उघडतोस."

यानंतर जे झालं ते प्रेबेनमुळे. त्याला राहवेना. तो रांग सोडून आला, तोंडाकडे पाठ करून वाकला आणि खालून ओरडला, "आयला, खरंच की!" मग ग्रेथे वाकली. मग रांगच मोडली. ग्रेथेच्या नवऱ्याने जो फोटो काढला तो अजून वृद्धाश्रमाच्या जेवणघरात लावलेला आहे: टांगबी गाव, नियमाप्रमाणे अंतर सोडून, एका ओळीत पार्श्वभाग वर करून उभं आहे, आणि सगळ्यांचे चेहरे पायांमधून कॅमेऱ्याकडे. म्हातारे म्हणे इतके हसले की नर्सना वाटलं खोकल्याची साथ आली, आणि सगळ्यांचं तापमान घेतलं गेलं.

उन्हाळा सरता सरता शहरातल्या एका संग्रहालयातून सिग्ने नावाची मुलगी आली. बंदीच्या काळात लोकांनी फोनवरून आपल्या भावना कशा दाखवल्या, यावर त्यांना प्रदर्शन करायचं होतं. राणी सोडली तर आमच्याकडे सगळ्यांना 'तू'च, तेव्हा सिग्नेनेही बसता क्षणी विचारलं, "हे तू मुद्दाम उलटं लावलंस का? म्हणजे आपण जगाला दाखवतो एक आणि आत असतं दुसरं, असं काही?"

"ते प्रेबेनने लावलं," आयनार म्हणाला.

"प्रेबेन तुझा सहकारी का? तोही मूर्तिकार?"

"बार्ली पिकवतो."

सिग्ने खो खो हसली, मग अंगातला चांगला कोट काढून बोडिलच्या हातात दिला आणि वाकून बघून आली. पोरगी कामाची होती. प्रदर्शनात तोंड उलटंच ठेवायचं आणि येणाऱ्याने वाकून बघायचं, हे तिनेच ठरवलं. खालच्या पाटीवर दोन नावं घातली, आयनार बुंडगार्ड आणि प्रेबेन क्येर. प्रेबेन तेव्हापासून शेतावर चित्रकारांसारखी बेरे टोपी घालतो. सरळ रेघवालं तोंड मात्र गावाने नेऊ दिलं नाही. ते आमचं आमच्याजवळ बरं, असं ठरलं.

उद्घाटनाला आयनार त्याच्या एकुलत्या एका सुटात गेला. टाळ्या वाजल्या, दोन शब्द बोल म्हणाले. तो उभा राहिला. "वाळू लिम्फ्योर्डची आहे," तो म्हणाला. "सिमेंट नेहमीचंच." आणि बसला. बोडिलने सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

परत येताना रस्त्यात सॉसेजची गाडी लागली. बोडिलने मोटार कडेला घेतली, दोघांनी पावात घातलेली लाल सॉसेजं घेतली, वर तळलेला कांदा, आणि मोटारीतच बसून खाल्ली. समोर खाडीवर बगळे होते. आयनारच्या टायवर मोहरीची चटणी सांडली.

"थांब, हलू नकोस," बोडिल म्हणाली आणि कागदी रुमालाने पुसायला लागली. मोहरी गेली तरी तिचा हात थोडा वेळ तिथेच राहिला. "कसं वाटतंय?" तिने विचारलं.

आयनारने पुष्कळ विचार केला. बगळ्यांकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं.

"छान," तो म्हणाला. आणि स्वतःचाच आवाज ऐकून इतका दचकला की लगेच पुढे म्हणाला, "म्हणजे, सॉसेज छान आहे."

"हो का," बोडिल म्हणाली, आणि आणखी दोन सांगायला खाली उतरली.